पडद्यावर सरकणारे गीतशब्द आणि आवर्तनांचे गणित

गायकासमोरच्या टॅबवर गीताचे शब्द खालून वर सरकवत नेणाऱ्या संगणकप्रणालीला प्रॉम्प्टर म्हणतात. विंगेत उभा राहून नटाला वाक्य पुरवणारा प्रॉम्प्टर नाट्यरसिकांच्या परिचयाचा आहेच. नाव तेच आहे. १९५०च्या सुमारास अमेरिकेत फ्रेड बार्टन, ह्युबर्ट श्लाफ्ली आणि अर्व्हिंग कान यांनी दूरचित्रवाणीसाठी टेलिप्रॉम्प्टर घडवला, तेव्हा कागदाची गुंडाळी पुढे नेण्यासाठी माणूस बसत असे. बोलणारा थांबला की तोही थांबे. टॅबमागे असा ऐकणारा माणूस नसतो. त्यामुळे वेग आधीच ठरवून द्यावा लागतो.

बहुतेक प्रणाली गीताचा एकूण अवधी विचारतात आणि ओळींची लांबी त्यावर समान वाटून टाकतात. ही वाटणी फसवी ठरते. केरव्यातील एखादे गीत घ्यावे. लय मिनिटाला ९६ मात्रांची असेल, तर ८ मात्रांचे एक आवर्तन ५ सेकंदांचे होते. गीत ४ मिनिटांचे, ओळी २८ आणि प्रत्येक ओळ एका आवर्तनाची असे मानू. आरंभी २० सेकंदांचे वादन आहे. मुखड्याच्या ८ ओळींनंतर आणि पहिल्या अंतऱ्याच्या १० ओळींनंतर प्रत्येकी ४० सेकंदांचे संगीत आहे. समान वाटणीने एका ओळीला सुमारे साडेआठ सेकंद मिळतात. गायकाने तोंड उघडण्याआधीच दोनहून अधिक ओळी वर गेलेल्या असतात, आणि अंतरा सुरू होताना पडदा जवळजवळ चार ओळी पुढे पोहोचतो. शेवटी मात्र दोघे एकाच वेळी संपतात. म्हणूनच घरी केवळ एकूण अवधी जुळवून पाहणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. वेळ सेकंदांत न मोजता आवर्तनांत मोजावी. एका ओळीत एकच आवर्तन मांडावे आणि वादनाच्या प्रत्येक आवर्तनासाठी एक ओळ रिकामी सोडावी. वरील गीतात २८ शब्दओळींना २० रिकाम्या ओळींची जोड दिली की ४८ ओळी होतात. प्रत्येकी ५ सेकंद धरले की २४० सेकंद, म्हणजे बरोबर ४ मिनिटे. रिकाम्या ओळींत आवर्तनांचे उलट क्रमाने आकडे लिहिल्यास पुन्हा केव्हा गायचे तेही समजते. पुनरावृत्त होणारा मुखडा दर वेळी पूर्ण लिहावा. ‘मुखडा पुन्हा’ एवढी सूचना सरकत्या पडद्यावर कुचकामी ठरते. गायली जाणारी ओळ पडद्याच्या वरच्या तिसऱ्या भागात असावी, कारण डोळ्यांना गरज असते ती पुढच्या ओळीची.

अक्षरे मोठी करताना सावध राहावे. लांब ओळ मोडून तिच्या दोन झाल्या की हिशेब बिघडतो. त्यामुळे चाचणी कार्यक्रमातल्याच टॅबवर, त्याच अक्षरमापात करावी. ‘एलआरसी’ स्वरूपात प्रत्येक ओळीपुढे मिनिट आणि सेकंद नोंदवता येतात. ध्वनिमुद्रित साथीवर गाणाऱ्यांना ते उत्तम, कारण ती साथ कधी घाई करत नाही.

प्रत्यक्ष वादकांची लय मात्र चढते. ९६ची लय १०० झाली, तर ४ मिनिटांचे गीत सुमारे दहा सेकंद आधी संपते, आणि अखेरीस पडदा दोन ओळी मागे राहतो. लग्नसमारंभातील वाद्यवृंद कानात ठोके ऐकून वाजवत असेल, तर हा फरक टळतो. भजनात किंवा नाट्यगीतात ठोक्यांचा उपयोग नाही. तिथे आलाप किती लांबेल, ओळ किती वेळा घोळवली जाईल, हे गायकालाही आधी ठाऊक नसते. अशा गायनाला वेळेवर चालणारा पडदा लावूच नये. ब्लूटूथने जोडलेले पायपेडल बरे. टॅब त्याला कळफलकाची एक कळ समजतो, आणि प्रत्येक दाबासरशी पुढचे पान किंवा कडवे येते. ही कळ टाळेवर न दाबता शेवटच्या ओळीच्या मध्यावर दाबावी, म्हणजे नवे शब्द श्वास घेण्याआधी दिसतात.