परळची मुळी आणि मेंदूतला लगाम

ब्लडप्रेशर म्हटलं की आपण हृदय, रक्तवाहिन्या आणि फार तर मूत्रपिंड एवढ्यावरच थांबतो. डोक्याचा संबंध ‘टेन्शन घेऊ नका’ या सल्ल्यापुरता. पण रक्तदाबाचा एक लगाम खरोखरच मेंदूत आहे, आणि त्याची खूण परळच्या केईएम रुग्णालयात पाऊण शतकापूर्वीच दिसली होती. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा प्रयोग रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर केला आणि त्याचा अहवाल १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला. चार आठवड्यांत दहापैकी आठांहून अधिक जणांचा दाब उतरला होता. या औषधाने दाबाबरोबर नाडीही मंदावते, नाक चोंदतं आणि माणूस सुस्तावतो. ही सुस्ती दुष्परिणामांच्या यादीत ढकलून मोकळं होता येतं. पण खरी साक्ष तिचीच आहे. बिहारात हीच मुळी ‘पागल की दवा’ म्हणून विकली जायची. जी वस्तू बेभान माणसाला शांत करते तीच रक्तदाब उतरवते, हा निव्वळ योगायोग नव्हे.

यावर पहिला आक्षेप असा की, यात वकिलांचं नवं काय? कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच मुळीचे हे दोन्ही गुण लिहून ठेवले होते. खरं आहे. पण वकिलांनी रुग्ण मोजले, महिनाभराने पुन्हा दाब पाहिला, आणि जगभरचे डॉक्टर वाचतात तिथे ते मांडलं. आजच्या कसोटीला ही चाचणी कच्ची ठरेल. तरी १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं गेलं आणि परिणाम खरा असल्याचं सिद्ध झालं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रेसरपिन मेंदूबाहेरच्या मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेलं, रक्तवाहिन्या आवळणारं नॉरअ‍ॅड्रिनलिनही रितं करतं, मग श्रेय मेंदूला कसं द्यायचं? नुसत्या मुळीच्या बळावर ते देता येत नाही. त्यासाठी पेप्टाइडांकडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांकडे वळावं लागतं.

मूत्रपिंडातून सुटणाऱ्या रेनिनमुळे रक्तात अँजिओटेन्सिन हे असंच एक पेप्टाइड तयार होतं. ते रक्तवाहिन्या आवळतं, हे आधी ठाऊक होतं. १९६१ साली बिकर्टन आणि बकली यांनी एका कुत्र्याचं डोकं दुसऱ्या कुत्र्याच्या रक्तावर पोसलं. धडाशी त्या डोक्याचा संबंध उरला तो मुख्यतः मज्जातंतूंचा. डोक्याच्या रक्तात अँजिओटेन्सिन मिसळताच धडातला दाब चढला. पुढे कळलं की मेंदूच्या काही कोपऱ्यांत रक्त आणि मेंदू यांमधली भिंत झिरपती असते. तिथे हे पेप्टाइड शिरतं, तहान लावतं, शरीरात पाणी राखणारं व्हॅसोप्रेसिन सोडायला लावतं आणि दाब चढवणाऱ्या सिम्पथेटिक मज्जातंतूंना चेतवतं. एरवी दाब वाढला की नाडी आपोआप मंदावते; अँजिओटेन्सिन ही सवयही बोथट करतं. म्हणजे ‘मूत्रपिंड की मेंदू’ हा वादच फोल: मूत्रपिंड निरोप धाडतं, मेंदू तो वाचतो.

वकिलांचा अहवाल निघाला त्याच १९४९ साली ब्राझीलमध्ये रोशा ए सिल्व्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जराराका सापाचं विष रक्तद्रवात मिसळून ब्रॅडिकायनिन हे दाब उतरवणारं पेप्टाइड शोधलं. त्याच विषातल्या पेप्टाइडांचा माग काढत कॅप्टोप्रिल घडलं आणि १९८१ साली अमेरिकेत मंजूर झालं. ते क्रियाशील अँजिओटेन्सिन तयार होण्यात अडथळा आणतं. सर्पगंधा मात्र मागे पडली, कारण काही रुग्णांना तिने खोल उदासीनता दिली. ती मागे पडली तीही मेंदूवरच्या परिणामामुळेच. म्हणून वकिलांना नुसतं ‘मुळीवाले डॉक्टर’ म्हणणं अपुरं आहे. रक्तदाबाची वाट डोक्यातून जाते, याची मोजलेली खूण परळने जगापुढे ठेवली होती. तिचा अर्थ मात्र पेप्टाइडांनी उलगडला.