दोन तासांची मीटिंग आणि संचालकांची ढाल

पतसंस्था बुडाली की आमच्याकडे गावभर एकच शब्द फिरतो, 'कलम 88'. सहकार कायद्यातलं हे कलम संचालकांवर वैयक्तिक नुकसानभरपाई बसवतं. मग उत्तर ठरलेलं, "आम्ही फक्त सह्या केल्या हो!" अशा सह्यांचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण मात्र अमेरिकेतलं आहे.

शिकागोत ट्रान्स युनियन नावाची कंपनी होती, रेल्वेच्या वाघिणी भाड्याने देणारी. 20 सप्टेंबर 1980, शनिवार. अध्यक्ष व्हॅन गॉर्कम यांनी घाईघाईत संचालक मंडळ बोलावलं आणि 20 मिनिटं तोंडी सांगितलं: जे प्रित्झकर 55 डॉलरने शेअर घ्यायला तयार आहेत. करार कोणी वाचला नाही. 55 हा आकडा आला कुठून, हेही कोणी खोदून विचारलं नाही. दोन तासांत मंजूर! त्याच संध्याकाळी ऑपेराच्या समारंभात साहेबांनी सही ठोकली, तीही न वाचता.

बाजारभाव 38 च्या आसपास होता, म्हणजे वरवर पाहता भागधारकांचा फायदाच. तरी खटला झाला. जानेवारी 1985 मध्ये डेलावेअरच्या सुप्रीम कोर्टाने 3 विरुद्ध 2 मतांनी संचालकांना दोषी धरलं. माहिती न घेता निर्णय घेणं हाच घोर निष्काळजीपणा! तडजोड 2 कोटी 35 लाख डॉलरवर झाली. विम्यातून आले ते आले, उरलेल्यातला मोठा वाटा प्रित्झकरांनीच भरला.

पण कंपन्यांमध्ये घबराट पसरली. संचालकांचा विमा आधीच महागलेला. 1986 मध्ये डेलावेअरने कायदाच बदलला. भागधारकांनी मान्य केलं तर निष्काळजीपणाची भरपाई संचालकाच्या खिशातून नाही. बेइमानी आणि खासगी फायदा यांना मात्र माफी नाही.

आपल्याकडे 1956 च्या कंपनी कायद्याने अशी सूट देणारी तरतूदच रद्दबातल ठरवली होती. सत्यम घोटाळ्यानंतर आलेल्या 2013 च्या कायद्याने स्वतंत्र संचालकांना थोडा आडोसा दिला, पण दक्षता न घेतल्यास जबाबदारी ठेवली. मला हे योग्य वाटतं.

कारण डेलावेअरमध्ये ढाल द्यायची की नाही, यावर निदान भागधारक मत देतात. आमच्या पतसंस्थेतला नाममात्र सभासद ठेव ठेवतो, पण त्याला मतच नसतं.