राजगडची सदर

हर्सूलचा म्हटले की शहरात कुणीतरी हसून विचारतोच, "आत होता की बाहेर?" मध्यवर्ती कारागृहाने गावाला दिलेली ही ओळख. तिकडे येणारी गाडी अदालत रोडवरून निघते, हेही आपल्याला लहानपणापासून ठाऊक. पण न्याय करायला बसणे म्हणजे काय, ते मला कळले दहावीच्या सहलीत, राजगडावर.

राजगड ज्या वेल्हे तालुक्यात आहे (आता राजगड तालुका), तो सह्याद्रीतला डोंगराळ, विरळ वस्तीचा मुलूख. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या तालुक्याची लोकसंख्या जेमतेम ५४ हजार होती. शिवकाळात हे गुंजण मावळ, देशमुखी शिळिमकरांची. इथल्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर महाराजांनी राजगड उभारला आणि रायगडाआधी सुमारे पाव शतक कारभार इथूनच चालवला. पद्मावती माचीवर सदर दाखवतात. ती राजसदर की तटसरनौबताची जागा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

मावळातले सगळेच तंटे मात्र गडावर येत नसत. वतनाचे भांडण गोतसभेपुढे जाई. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार एकत्र बसत, दोन्हीकडचे ऐकत, साक्षी घेत. निवाड्याचा कागद म्हणजे महजर. त्यावर पाटील नांगराची निशाणी करी, शेटे तराजूची. वस्ती थोडी, सगळे एकमेकांना ओळखणारे. त्यामुळे निवाडा सांभाळायची जबाबदारीही सगळ्यांची.

पण गुन्हेगार स्वतः पाटीलच असला तर? खेड-शिवापूरजवळच्या रांझे गावच्या बाबाजी गुजर पाटलाने बदअमल केला. २८ जानेवारी १६४६ च्या पत्रात त्याचा निकाल आहे. चौकशीत गुन्हा खरा ठरला, पाटलाचे हातपाय तोडले गेले, पाटीलकी काढून घेतली. शिक्षा आज अंगावर काटा आणते. पण तेच पत्र पुढे सांगते, की गोतातल्या सोनजी गुजराने बाबाजीला सांभाळायला आपल्या हवाली घेतले आणि पाटीलकी सोनजीला मिळाली. शिक्षा एकट्या माणसाला झाली, घराण्याला नाही.

आता आपली गोष्ट. पाली दरवाजाने चढून आलो तेव्हा माझे पन्नास रुपये सापडेनात. मी आपल्याच एका मित्राचे नाव घेतले, तेही सगळ्यांसमोर. सरांनी आम्हा दोघांना सदरेच्या जोत्यावर बसवले. मला एकच विचारले, "घेताना पाहिलेस?" मी गप्प. "मग आधी स्वतःचे दप्तर रिकामे कर." नोट डब्याखाली, भूगोलाच्या वहीत निघाली. सर मला काही बोलले नाहीत. मित्राला मात्र म्हणाले, "तुझ्यावर आळ नाही, हे सगळ्यांनी ऐकले ना?"

सगळ्यांनी ऐकले. मी माफी मागितली नाही. उतरताना तो पुढे चालत होता आणि मी मुद्दाम मागे राहिलो. नंतर शाळा संपली.

आळ चारचौघांत घेतला होता, म्हणून माफीही चारचौघांत मागतो. मित्रा, चूक माझी होती. मेळाव्याला येशील तेव्हा शेजारी बसू दे. हा अंक म्हणजे आपल्या बॅचचा महजर समजा; खाली माझी निशाणी पन्नासाची नोट.