खुर्द्याचा हिशेब

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. एकाचे घर मीरा रोडला, दुसऱ्याचे नायगावला. त्यामुळे भाईंदरपुढच्या खाडीपुलावरून आमच्यापैकी एकाची तरी रोज ये-जा असते. पुलाच्या पश्चिमेला, खाडीच्या मुखाशी, वसईचा किल्ला आहे. त्याच्या समोरच्या काठावर उत्तनजवळ धारावीचा किल्ला. आणि पूर्वेकडे खाडीच्या कडेने आत गेले की घोडबंदर. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घोडबंदर १७३७ साली घेतले आणि वसई मे १७३९ मध्ये पडली. आज या पुलावर गाडीत कोणी बाहेर बघत नाही. सारे मोबाइलमध्ये डोके घालून असतात. आम्हीही त्यांतलेच. फरक इतकाच, की गेली काही वर्षे आमच्या पडद्यावर बहुधा एक जपानी खेळ असतो आणि त्यानेच आम्हांला पुन्हा या किल्ल्यांकडे पाहायला लावले.

'फायनल फँटसी टॅक्टिक्स' हे त्या खेळाचे नाव. जपानमध्ये तो १९९७ साली प्लेस्टेशनसाठी निघाला. त्याचे दिग्दर्शक आणि कथालेखक यासुमी मात्सुनो. २००७ साली त्याची सुधारलेली आवृत्ती आली, ती पुढे मोबाइलवरही आली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये 'द आयव्हलिस क्रॉनिकल्स' या नावाने तो पुन्हा नव्याने सादर झाला. साहित्याच्या चर्चेत व्हिडिओ गेमचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. त्यांना आमची विनंती एवढीच, की हा खेळ वरवर लढायांचा असला तरी त्याचा खरा विषय इतिहासलेखन हा आहे. तेवढ्यासाठी तरी त्यांनी थोडा धीर धरावा.

प्रथम या प्रकाराविषयी. डावपेचांचा भूमिका-खेळ म्हणजे बुद्धिबळ आणि कादंबरी यांचे एक विलक्षण मिश्रण होय. चौकटींचा पट असतो आणि पाळीपाळीने चाली होतात. पण इथल्या मोहऱ्यांना नाव असते, व्यवसाय असतो, आणि एका लढाईत कमावलेले कसब पुढच्या लढाईत कामी येते. १९९० साली निघालेल्या 'फायर एम्ब्लेम'ने या प्रकाराला त्याचे सर्वांत कठोर वैशिष्ट्य दिले : पटावर मेलेला मोहरा कथेत परतत नाही. बुद्धिबळात प्यादे गेले तर दुसऱ्या डावात ते पुन्हा उभे असते. इथे पुढचा डाव त्याच्याविना खेळावा लागतो.

मात्सुनो यांनी 'टॅक्टिक्स'च्या आधी १९९५ साली 'टॅक्टिक्स ओगर' केला होता. त्यात एका निर्णायक प्रसंगी नायकाला आपल्याच लोकांच्या कत्तलीचा हुकूम मिळतो. तो पाळावा की मोडावा हे खेळणारा ठरवतो आणि त्यानुसार कथेला फाटे फुटतात. दोनच वर्षांनी आलेल्या 'टॅक्टिक्स'मध्ये हे फाटे नाहीत. एकदोन ठिकाणी खेळणाऱ्याला प्रश्न विचारला जातो, पण कोणतेही उत्तर दिले तरी कथेचा ओघ बदलत नाही. लढाई हरलात तर ती पुन्हा लढा. जिंकलात तर जे व्हायचे तेच होते. आरंभी आम्हांला हे वैगुण्य वाटले. आता वाटते, की हे या कृतीचे मर्म आहे.

मर्म म्हणायचे कारण असे. खेळ सुरू होतो तो एका इतिहासकाराच्या निवेदनाने. आयव्हलिस नावाच्या काल्पनिक राज्यात सिंहासनासाठी यादवी झाली. तिचे बीज मात्सुनो यांनी इंग्लंडच्या 'गुलाबांच्या युद्धां'तून घेतले आहे. चारशे वर्षांनंतर अराझलाम दुराई हा संशोधक सांगतो, की या यादवीचा अंत करणारा वीर म्हणून डेलिटा हा सामान्य घरातला, पुढे राजा झालेला तरुण सर्वमान्य आहे. पण आपल्या पूर्वजाने, ओरन दुराईने, लिहून ठेवलेले कागद धर्मसंस्थेने दडपले होते, ते आता उजेडात आले आहेत. त्यांत रामझा नावाच्या, पाखंडी ठरवून पुसून टाकलेल्या एका माणसाची हकीकत आहे. आपण खेळतो तो हा रामझा. म्हणजे पहिल्या चालीच्या आधीच खेळणाऱ्याला कळून चुकलेले असते, की कितीही लढाया जिंकल्या तरी इतिहासात आपले नाव राहणार नाही.

पहिल्याच प्रकरणात याची झळ लागते. पन्नास वर्षांच्या परकी युद्धानंतर ज्या सैनिकांना पगार न देता घरी धाडले, त्यांनी बंड केले आहे. बंडखोरांत मिलुडा नावाची एक तरुणी आहे. ती उमरावांना जे सुनावते त्यात खोटे काही नाही. रामझा उमरावांच्या घरचा, आणि त्याच्या बाजूने खेळणारे आपण. दुसऱ्या गाठीत तिला मारल्याशिवाय कथा पुढे सरकत नाही. आमच्यापैकी एकाने त्या लढाईत तिला सोडून इतरांशी लढत शक्य तितका वेळ काढला. उपयोग झाला नाही; पट तिच्या मरणाची वाट पाहत थांबून राहिला. पुढे डेलिटाची धाकटी बहीण टिएट्रा ओलीस म्हणून उभी असते आणि रामझाचाच भाऊ बाण सोडण्याचा हुकूम देतो. तेव्हा आपल्या हाती कोणतीही चाल नसते. लढायची ती त्यानंतर.

खेळाचे दोषही सांगितले पाहिजेत. रिओव्हानेस किल्ल्यातली लढायांची मालिका कुप्रसिद्ध आहे. मध्येच रामझाला वीग्राफशी एकट्याने भिडावे लागते. जुन्या आवृत्तीत ज्यांनी या मालिकेच्या आत शिरल्यावर आपला एकुलता एक डाव जतन केला, त्यांना सराव करायला मागे फिरता येत नाही आणि पुढेही जाता येत नाही. जगभरच्या खेळाडूंप्रमाणे आमच्यापैकी एकाचे तीस-पस्तीस तास इथेच बुडाले आणि त्याने वर्षभर खेळ उघडला नाही. उलट उत्तरार्धात ओरलँडो हा वृद्ध सेनानी येऊन मिळतो तो इतका बलाढ्य, की त्याच्यानंतर डावपेच करण्याची गरजच संपते. गंमत अशी, की अधिकृत इतिहासाच्या लेखी तो तोवर मेलेला आहे. डेलिटाने आपल्या धन्याला मारून, ओरलँडोसारख्या दिसणाऱ्या एका माणसाचे प्रेत पुढे करून, खुनाचा आळ त्या प्रेतावर ढकललेला असतो.

वर्गात हा विषय निघाला तेव्हा विद्यार्थ्यांची पसंती दुसऱ्याच खेळाला होती. २००९ सालच्या 'एम्पायर : टोटल वॉर'मध्ये १७०० सालापासून मराठ्यांच्या बाजूने खेळता येते. एका विद्यार्थ्याने इंग्रजांना हिंदुस्थानातून घालवून युरोपात मराठी फौजा उतरवल्या होत्या. 'सर, तुमच्या खेळात काहीच बदलता येत नाही, मग खेळायचे कशाला?' असा त्याचा रोकडा सवाल. त्याचा आनंद आम्ही समजू शकतो. शाळेपासून ज्याला १७६१ आणि १८१८ ही सालेच पाठ करायला लावली, त्याला एकदा तरी ती उलटवून पाहावीशी वाटली तर नवल नाही. पण उलटवलेल्या इतिहासात मरणाऱ्यांचा प्रश्नच उरत नाही. तिथे प्रांत असतात, महसूल असतो, पलटणी असतात. शेवट ठरलेला असला म्हणजे मात्र एकच प्रश्न शिल्लक राहतो : हे कोणाच्या जिवावर झाले, आणि ते कोणी लिहून ठेवले?

हा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही. संभाजी महाराजांची उदाहरणार्थ आठवण करावी. मल्हार रामराव चिटणीस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, बखर लिहिली. तिच्यातले संभाजीराजांचे चित्र काळवंडलेले आहे. चिटणीसांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना याच राजाने देहदंड दिला होता, हे विसरून ती बखर वाचता येत नाही. तरीही नाटककारांनी आणि कथाकारांनी दीर्घकाळ तेच चित्र गिरवले. गडकऱ्यांचे अपुरे राहिलेले 'राजसंन्यास'ही त्याला अपवाद नाही. वा. सी. बेंद्रे यांनी अनेक दशके कागदपत्रे धुंडाळून १९६० साली संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे हे चित्र पालटू लागले. शिवाजी सावंतांची 'छावा' कादंबरी १९७९ची, आणि तिच्यावर आधारलेला चित्रपट २०२५चा. शेवट ठाऊक असूनही प्रेक्षक चित्रपटगृहात रडत होते.

अराझलाम पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा आम्हांला बेंद्रे आठवले. आणि थोडी शरमही वाटली. कित्येक वर्षे आम्ही बखर शिकवली ती गद्यशैलीचा नमुना म्हणून : वाक्यांची लय, फारसी शब्दांचे प्रमाण, अतिशयोक्तीचे सौंदर्य. ऐतिहासिक विश्वसनीयता कमी, हे एक वाक्य परीक्षेपुरते सांगून मोकळे झालो. बखर कोणी, कोणासाठी आणि कोणत्या जखमेतून लिहिली, हा वाङ्मयीन प्रश्नच आहे, हे आम्ही विद्यार्थ्यांसमोर कधी नीट मांडले नाही. निवेदकाची विश्वासार्हता आम्ही कादंबरीच्या तासाला शिकवत होतो. बखरीच्या तासाला ती संकल्पना घरी ठेवून येत होतो.

परंतु इथे खेळाशीही आमचा एक वाद आहे. बेंद्रे यांच्यापुढे कागद होते. ते फाटके होते आणि परस्परविरोधी होते. प्रत्येक कागद कोणाच्या तरी हितसंबंधातून लिहिलेला होता. अराझलाम मात्र आपल्याला कागद दाखवत नाही, तो थेट घटनाच दाखवतो. खेळाच्या अखेरीस डेलिटा आणि राणी ओव्हेलिया यांच्यात जे घडते, तिथे तिसरे कोणी हजर नाही. मग ओरनने ते लिहिले कसे? या प्रश्नाला खेळात उत्तर नाही. दडपलेला इतिहास म्हणजे खरा इतिहास, अशी एक सोयीची समजूत हा खेळ बळकट करतो. आपल्याकडेही ती फार फोफावली आहे. एखादा कागद कोणी दडवला होता एवढ्यावरून तो खरा ठरत नाही. त्याचीही छाननी बखरीइतकीच कठोरपणे व्हायला हवी. बेंद्रे यांचे मोठेपण त्यांनी वेगळा निष्कर्ष काढला यापेक्षा त्या छाननीत आहे.

दुसरी गोष्ट आम्हांला फार उशिरा लक्षात आली. या खेळात रामझाबरोबर लढायला भाडोत्री सैनिक मिळतात. गावातल्या अड्ड्यावर पैसे मोजायचे आणि सैनिक घेऊन यायचा, मग त्याला तिरंदाज किंवा भालाईत करायचे. त्याचे नाव यंत्रच कुठूनतरी उचलून ठेवते. लढाईत तो पडला की त्याच्या डोक्यावर तीनपासून उलटी मोजणी सुरू होते. तोवर कोणी पोचले नाही तर तो कायमचा गेला. त्यानंतरच्या कथाप्रसंगात रामझा बोलतो, शत्रू बोलतात, उमराव बोलतात. पण गेलेल्या तिरंदाजाबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. त्याच्यासाठी कथेत जागाच केलेली नाही. विसरलेल्या माणसाची कैफियत मांडणाऱ्या या खेळालाही स्वतःची विसरलेली माणसे आहेत, आणि त्यांना तिथे भरती करणारे आपणच असतो.

पानिपतानंतर पेशव्यांकडे गेलेल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या त्या सांकेतिक पत्राची इथे आठवण होते. त्यात विश्वासराव आणि भाऊसाहेब मोत्ये झाले, सरदार मोहरा झाले आणि बाकीच्यांचा खुर्दा झाला. खुर्द्याची गणती लागत नव्हती. संकेताची ती कल्पकता आम्ही आजवर वर्गात रंगवून सांगितली. ज्यांचा खुर्दा झाला ते कोण, असे एकाही विद्यार्थ्याने विचारले नाही, कारण तो प्रश्न आमच्याच स्वरात नव्हता.

गेल्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही घोडबंदरच्या किल्ल्यावर गेलो होतो. मोहिमेची हकीकत सांगून झाल्यावर युरोप जिंकणाऱ्या त्याच विद्यार्थ्याने विचारले, की इथे मेले त्यांची नावे कुठे मिळतील? पेशवे दप्तरात मोहिमेचा पत्रव्यवहार आहे, त्यात काही सरदारांची आणि जखमी-ठार झालेल्यांची नावे सापडतात, शोधायला हवे, असे आम्ही सांगितले. त्याने वहीत 'पेशवे दप्तर' एवढे लिहून घेतले.

परतताना गाडीत आम्ही दोघांनी आपापल्या खेळातल्या गेलेल्या माणसांची उजळणी करून पाहिली. रिओव्हानेसमध्ये रामझाला वाचवण्यासाठी आम्ही एक तिरंदाज पुढे काढला होता आणि तो तिथेच राहिला. खेळताना आम्ही एक वही ठेवत असू. ती घरी गेल्यावर काढून पाहिली. तिच्यात त्या दिवसाच्या नोंदीत 'तिरंदाज गेला, किल्ला सर' एवढेच लिहिलेले आहे.