सायबरस्क्वॉटिंग

सायबरस्क्वॉटिंग म्हणजे दुसऱ्याच्या व्यापारचिन्हाशी किंवा प्रसिद्ध नावाशी तंतोतंत जुळणारे अथवा भ्रामक साम्य असणारे डोमेन नाव दुर्हेतूने नोंदवणे, ते अडवून ठेवणे किंवा त्याचा गैरवापर करणे. मूळ नावधारकाला ते चढ्या किमतीस विकणे, त्याचे ग्राहक स्वतःकडे वळवणे किंवा त्याच्या नावाने फसवणूक करणे हे यामागील नेहमीचे हेतू असतात. मात्र दुसऱ्याचे नाव असलेले प्रत्येक डोमेन या व्याख्येत बसत नाही. टीका, विडंबन, वृत्तांकन किंवा सर्वसामान्य शब्दाचा प्रामाणिक वापर यांना कायद्याचे संरक्षण मिळू शकते.

विवादाचे मूळ

व्यापारचिन्हाचा हक्क साधारणपणे देशापुरता आणि विशिष्ट वस्तू किंवा सेवांपुरता मर्यादित असतो. वस्तू व सेवांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ४५ वर्ग आहेत. त्यामुळे एकाच नावाचा साबण आणि पंखा दोन वेगळ्या मालकांकडे असू शकतो. डोमेन नाव मात्र संपूर्ण जगात एकच असते. ते सामान्यतः 'प्रथम येईल त्यास प्रथम' या तत्त्वावर दिले जाते, आणि नोंदणी करताना अर्जदाराचा त्या नावावरील हक्क तपासला जात नाही. नोंदणीचा अल्प खर्च आणि नावाचे मोठे व्यापारी मूल्य यांतील तफावतीमुळे नावे अडवून ठेवण्याचा प्रकार फोफावला.

भारतातील कायदा

भारतात सायबरस्क्वॉटिंगसाठी स्वतंत्र कायदा नाही. असे विवाद व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ आणि 'पासिंग ऑफ' या तत्त्वाच्या आधारे सोडवले जातात. आपला माल किंवा सेवा दुसऱ्याची असल्याचे भासवून खपवणे म्हणजे पासिंग ऑफ. व्यापारचिन्हाची नोंदणी झालेली नसली, तरी या तत्त्वाखाली दाद मागता येते. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये डोमेन नावांना पासिंग ऑफचे तत्त्व लागू होते, असे स्पष्ट केले.

मुंबई उच्च न्यायालयातील प्रमुख खटले

रेडिफ कम्युनिकेशन विरुद्ध सायबरबूथ (१९९९) : 'रेडिफ डॉट कॉम' चालवणाऱ्या मुंबईतील कंपनीने 'रॅडिफ डॉट कॉम' या नावाविरुद्ध दावा दाखल केला. रोमन लिपीत या दोन नावांमध्ये केवळ एका अक्षराचा फरक होता. डोमेन नाव हे इंटरनेटवरील निव्वळ पत्ता नसून त्याला व्यापारचिन्हाप्रमाणेच संरक्षण मिळायला हवे, असे मत नोंदवून न्यायालयाने अंतरिम मनाई हुकूम दिला.

पीपल इंटरॅक्टिव्हचा दावा (२०१६) : 'शादी डॉट कॉम' चालवणाऱ्या या कंपनीने 'सेकंडशादी डॉट कॉम' या नावास आक्षेप घेतला. 'शादी' हा शब्द पुरवल्या जाणाऱ्या सेवेचेच वर्णन करतो आणि अशा सामान्य शब्दावर मक्तेदारी मिळू शकत नाही, या आधारावर न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली. भाषेतील रोजचे शब्द सर्वांसाठी खुले ठेवण्याच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा आहे.

हिंदुस्तान युनिलिव्हर विरुद्ध एन्ड्युरन्स डोमेन्स (२०२०) : कंपनीच्या नावाशी साम्य असलेल्या बनावट संकेतस्थळांबाबतच्या या प्रकरणात न्यायालयाने नोंदणी 'निलंबित करणे' आणि संकेतस्थळापर्यंतचा 'प्रवेश रोखणे' यांतील फरक स्पष्ट केला. डोमेन नोंदणीसंस्था पहिली कृती करू शकते, दुसरी तिच्या आवाक्याबाहेरची आहे, असे न्यायालयाने म्हटले.

अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न

एखाद्या कंपनीवर टीका करण्यासाठी तिचे नाव घ्यावेच लागते. त्यामुळे व्यापारचिन्हाचे संरक्षण आणि भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्य यांत संघर्ष उद्भवतो. मुंबईस्थित टाटा सन्सने ग्रीनपीस इंटरनॅशनलविरुद्ध लढवलेला खटला या संदर्भात उल्लेखनीय आहे. ओडिशातील धामरा बंदरामुळे ऑलिव्ह रिडले कासवांना धोका असल्याचे सांगण्यासाठी ग्रीनपीसने एक ऑनलाइन खेळ तयार केला होता व त्यात टाटांचे चिन्ह वापरले होते. हा वाद डोमेन नावाचा नव्हता. तथापि टीकेसाठी किंवा विडंबनासाठी चिन्हाचा वापर करणे म्हणजे आपोआप उल्लंघन ठरत नाही, अशी भूमिका घेऊन दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये अंतरिम मनाई नाकारली.

डोमेन नावांच्या बाबतीत एक सूक्ष्म भेद केला जातो. नावाला विरोधदर्शक शब्द जोडला असेल, तर वाचकाला ते टीकाकाराचे संकेतस्थळ असल्याचे चटकन कळते. हुबेहूब तेच नाव घेतल्यास मात्र तो मूळ कंपनीचे संकेतस्थळ समजून तेथे पोहोचतो. म्हणून टीका रास्त असली तरी दुसऱ्याच्याच नावाने वावरण्याचा हक्क त्यातून मिळत नाही, असे अनेक लवाद मानतात. काही लवादांनी, विशेषतः अमेरिकेतील पक्षकारांच्या प्रकरणांत, अव्यापारी टीकेसाठी हुबेहूब नावही ग्राह्य धरले आहे.

विवाद निवारण यंत्रणा

डोमेन नावांचे जागतिक व्यवस्थापन पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने १९९९ मध्ये एकसमान विवाद निवारण धोरण स्वीकारले. त्यानुसार तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात :

१. डोमेन नाव त्याच्या व्यापारचिन्हासारखे किंवा भ्रामक साम्य असणारे आहे.
२. नोंदणीधारकाचा त्या नावात कोणताही हक्क किंवा वैध हितसंबंध नाही.
३. नावाची नोंदणी आणि वापर हे दोन्ही दुर्हेतूने झाले आहेत.

अव्यापारी किंवा न्याय्य वापर हा वैध हितसंबंध मानला जातो. या प्रक्रियेत नाव रद्द करणे किंवा तक्रारदाराकडे हस्तांतरित करणे एवढेच उपाय उपलब्ध असून नुकसानभरपाई मिळत नाही.

'डॉट इन' नावांसाठी नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया (निक्सी) या संस्थेचे स्वतंत्र धोरण असून त्यातील कार्यवाही लवाद व सलोखा अधिनियम, १९९६ शी निगडित आहे. या धोरणात दुर्हेतूने केलेली नोंदणी किंवा दुर्हेतूने केलेला वापर यांपैकी एक गोष्ट सिद्ध झाली तरी पुरते.

देवनागरी डोमेन नावे

२०१४ मध्ये 'डॉट भारत' हे देवनागरी डोमेन सुरू झाले व मराठीतूनही नावे नोंदवता येऊ लागली. रोमन लिपीतील एकच नाव देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी, अनुस्वार किंवा जोडाक्षर यांच्या फरकाने अनेक प्रकारे लिहिता येते. त्यामुळे साम्य ठरवताना नावाचे लेखन, उच्चार आणि अर्थ या तिन्ही अंगांचा विचार करावा लागतो.