‘संक्रांत कोसळणें’ या वाक्प्रचाराचें मूळ

बोलण्यांत ‘त्याचें पानिपत झालें’ म्हणजे पुरता धुव्वा उडाला. या प्रयोगाचें मूळ उघड आहे. परंतु ‘संक्रांत कोसळणें’ हाही त्याच रणांगणावरून निघाला, असें जें सांगतात, तें पंचांगाच्या कसोटीस उतरत नाहीं. पानिपतचा संग्राम शके १६८२, पौष शुद्ध ८, बुधवार, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला. हल्लीं मकरसंक्रमण १४-१५ जानेवारीस येतें, म्हणून हा घोटाळा. निरयन वर्ष इंग्रजी वर्षाहून किंचित् मोठें. त्यामुळें सुमारें ७० वर्षांत संक्रमण एक दिवस पुढें सरकतें. अर्थात् १७६१ सालीं तें १० जानेवारीच्या सुमारासच होऊन गेलें होतें.

मग हा अनिष्ट अर्थ आला कोठून? आमच्या मतें संक्रांतिफलांतून. पंचांगकर्ते संक्रांतीस देवतारूप कल्पून तिचें वाहन, वस्त्र, शस्त्र व दृष्टीची दिशा सांगतात. ती जें धारण करील तें महागतें वा नाश पावतें, असा समज. ‘अमक्यावर संक्रांत आली’ हें त्याचेंच बोलीरूप. (सण तिळगुळाचा, देवता मात्र उग्र!) जुनीं हस्तलिखित पंचांगें कालबाह्य म्हणून पुष्कळदां रद्दींत जातात, संग्राहकांनीं त्यांतील संक्रांतिफलाचीं पानें तरी राखून ठेवावींत.