विद्युत् रोध व शक्ती : दाब आणि प्रवाह यांवरून गणन
मंडलातील घटकाच्या दोन टोकांमधील विद्युत् दाबाला (व्होल्ट) त्यातून वाहणाऱ्या प्रवाहाने (अँपिअर) भागले की रोध ओहममध्ये मिळतो. त्याच दोन राशींचा गुणाकार म्हणजे वॉटमधील शक्ती. दाब व प्रवाह यांचा संबंध जर्मन भौतिकीविज्ञ गेओर्ग झिमोन ओहम यांनी १८२७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. २३० व्होल्टवर १०० वॉटचा तंतुदीप सुमारे ०.४३५ अँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे त्याचा रोध ५२९ ओहम. सुटा, थंड दिवा मल्टिमीटरला जोडला, तर मात्र जेमतेम चाळीसेक ओहम दिसतात. गणित चुकलेले नसते. टंगस्टनाचा रोध तापमानाबरोबर वाढतो. म्हणून दाब व प्रवाह ही दोन्ही मापे दिवा पेटलेला असतानाचीच हवीत. प्रत्यावर्ती प्रवाहावरील पंख्याच्या बाबतीत भागाकाराने संरोध (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण विरोध) मिळतो, आणि गुणाकाराला शक्तिगुणकाने गुणल्यावरच खरी शक्ती कळते.